आमच्या हदगावचा बँड

मैत्रिणींनो, एखादं गाव नीट बघायचं तर ते लगीनसराईत बघावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून माझ्या माहेरी, हदगावला, तुम्हांला न्यायचं झालं तर मी वैशाखातच नेणार. ऊन मी म्हणत असेल, पंख्याखाली बसूनही घाम निथळेल. पण गावाचं खरं रूप दिसेल. आणि मुख्य म्हणजे ऐकू येईल!

हदगाव हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आधी अर्धापूर आणि त्याच्या केळीच्या बागा. पुढे वारंगा फाटा. इथे हिंगोलीकडचा रस्ता फुटतो. इथली खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाणारा प्रवासी विरळाच. मग दोन्ही बाजूंना काळी रानं. पावसाळ्यानंतर यावं तर हळद, कापूस, सोयाबीन. वैशाखात मात्र नुसती नांगरट. आणखी थोडं गेलं की हदगाव. तुम्ही तशाच पुढे गेलात तर पैनगंगा ओलांडून उमरखेडला, म्हणजे विदर्भात पोचाल. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. त्यामुळे आमच्या बोलण्यात थोडा वऱ्हाडी हेल आणि थोडं हैदराबादी पाणी मिसळलेलं आहे.

आता तुम्ही विचाराल, तिथे बघायचं काय? लेणी नाहीत, किल्ला नाही. मी तुम्हांला दाखवणार आहे आमचा लग्नाचा बँड. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि आपलं नाव छापून आलेलं मास्तरांना आवडायचं नाही.

मी लहान असताना, म्हणजे नव्वदच्या दशकात, या बँडमध्ये पंधरा माणसं होती. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, आणि तेही भर वैशाखात! दोन क्लॅरिनेट (गावात सगळे क्लारनेटच म्हणायचे), चार ट्रंपेट, युफोनियम नावाचे मोठे पितळी कर्णे, ढोल, ताशा, झांजा आणि एक खुळखुळेवाला. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवीत. सिनेमातल्या गाण्याची ओळ क्लॅरिनेटने म्हणायची आणि तिला ट्रंपेटांनी उत्तर द्यायचं, अशी त्यांची पद्धत. मी त्या बँडची भक्त होते म्हटलं तरी चालेल. कुणाचंही लग्न असो, मला आमंत्रण असो वा नसो, मी ओट्यावर हजर!

तुम्हांला गंमत सांगते. हा बँड आम्हां बायकांच्या घड्याळासारखा होता. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. जानवशावरून परण्या निघाला की संथ गाणं. बाजाराच्या गल्लीत शिरला की उडत्या चालीचं. मारुतीपाशी भक्तिगीत. आई आणि काकू घरात बसून नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. मारुतीचं गाणं सुरू झालं की कुणीतरी ओरडायचं, ‘कढई ठेवा गं चुलीवर!’ पुन्हा उडतं गाणं जवळ आलं की ओवाळणीचं ताट तयार. आणि मुलीला निरोप देताना एकटी क्लॅरिनेट. ढोल-ताशे गप्प. तेव्हा ज्यांचं त्या मुलीशी काही नातं नाही त्या बायकाही पदर डोळ्याला लावायच्या.

पुढे मी दहावीत असेन, या बँडात कॅसिओ आला. पायाने चालणारा बँड आता हातगाडीबरोबर चालू लागला, कारण कॅसिओला बॅटरी हवी, कर्णा हवा. मग ऑक्टापॅड आला आणि ढोलवाला गेला. मग बेंजो आला. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचाच भाऊ: तारांवर टाइपरायटरसारखी बटणं आणि आवाज मोठा करणारं यंत्र. खरं तर कॅसिओ कंपनीने आपला पहिला कीबोर्ड १९८० साली आणला आणि रोलँड कंपनीने ऑक्टापॅड १९८५ साली. पण जपानहून हदगावला पोचायला त्यांना वीस वर्षं लागली! शेवटी हातगाडीचा टेम्पो झाला, टेम्पोवर जनरेटर चढला, माणसाएवढ्या पेट्या चढल्या. आज त्या बँडात सहाच जण आहेत. नाव तेच, टेम्पोवर रंगवलेली अक्षरं तीच. पण क्लॅरिनेट नाही.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मध्यंतरी चौथीच्या मुलांना ‘लग्नाची वरात’ या विषयावर चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी एकावर एक काळे चौकोन काढले आणि त्यांतून वाकड्यातिकड्या रेघा. वाजवणारा माणूस दोघा-तिघांच्याच चित्रात होता. मी काही बोलले नाही. त्यांनी जे पाहिलं तेच काढलं होतं.

या नव्या आवाजाचा मला राग येतो का? येतो. पेट्यांसमोरून जाताना छातीत धडधडतं, घराची तावदानं थरथरतात, पाळण्यातलं मूल दचकून रडायला लागतं. सरकारच्या २००० सालच्या नियमांत निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णे लावायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ती उचलून धरली. पण वरातीत डेसिबल मोजतो कोण? घरात हृदयविकाराचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर वरात येण्याआधीच त्यांना मागच्या खोलीत न्यावं, रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावी, एवढंच आपल्या हाती उरतं.

तरी नुसता राग धरून बसावं असंही मला वाटत नाही. माझी आजी याच बँडला नावं ठेवायची! ‘या भोंग्यांनी आमची सनई खाल्ली,’ असं ती म्हणे. आणि तिचं खोटं नव्हतं. पितळी बँड आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. मग संस्थानिकांनी आपापल्या फौजांत बँड ठेवले. त्यात आमचा निजामही आला. तिथून तो लग्नाच्या मांडवात शिरला आणि सनई-चौघडा मागे पडला. उत्तर प्रदेशात मेरठला जली कोठी म्हणून भाग आहे. तिथे १८८५ साली नादिर अली नावाच्या बँडवाल्याने कंपनी काढली, आणि देशभरातल्या बँडांना लागणाऱ्या वाद्यांचं ते मोठं केंद्र बनलं. म्हणजे मी जिला ‘आमची क्लॅरिनेट’ म्हणते तीही कधीकाळी नवी सूनच होती.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर भेटले तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, ‘मास्तर, क्लारनेट का हो सोडली?’ ते हसले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही ऐकायला येता, पोरं नाचायला येतात. अन्‌ सुपारी देते ती नाचणारी पार्टी.’

मग त्यांनी हिशेबच मांडला. पंधरा माणसं म्हणजे पंधरा मजुऱ्या, पंधरा पोशाख, पंधरांचा प्रवास. लग्नाच्या तिथी वर्षातून मोजक्या. त्या तिथींना एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या, आणि पावसाळ्यात हात रिकामे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन लगीनसराईच्या तोंडावर. पुढे पन्नास माणसांत लग्नं झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर राज्यात २५ माणसं आणि दोन तास असा नियम आला. पंचवीस माणसांत बँडवाले कुठे बसवणार? त्या दोन वर्षांत उरलेले ट्रंपेटवाले कुणी वीटभट्टीवर गेले, कुणी पुण्याला रखवालदार झाले. त्यातला एकही परत आला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती ऐकून मी गप्पच झाले. ‘ताई, आमची पंगत कधी बसायची ठाऊक आहे का? सगळ्यांची उठल्यावर. मांडवाच्या बाहेर. ऊन असो का पाऊस. माझा पोरगा आता टेम्पोत मशीनवर बसतो. त्याला लोक भाऊ म्हणतात, आधी चहा देतात. तो कशाला माझी पिपाणी फुंकेल?’

ग्रेगरी बूथ नावाच्या एका अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडांवर ‘ब्रास बाजा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं आहे, २००५ साली. एवढ्या लांबचा माणूस या लोकांमागे हिंडला. आपण मात्र आपल्याच लग्नात वाजवणाऱ्याचं नाव विचारत नाही. गाणं आवडतं, पण वाजवणारा पंगतीला शेजारी चालत नाही. मग त्या वाद्याने तरी आपल्यासाठी कशाला थांबावं?

आता पुन्हा गावात चला, कारण बँड बदलण्याचं आणखी एक कारण रस्त्यावरच सापडतं. पूर्वी लग्न दारात व्हायचं. जानवसा शाळेत, मांडव घरापुढे, आणि मधे जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून क्लॅरिनेटचा आवाज घुमायचा आणि लांबवर जायचा. आता लग्नं गावाबाहेर, मोठ्या रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात. समोर मोकळं मैदान आणि शेजारून धावणारे ट्रक. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला समजावलं की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत भिंती त्याला सावरून धरतात. मैदानात धरायला कोणी नाही. तिथे बिचारी क्लॅरिनेट काय करणार! मास्तरांनी पेट्या आणल्या त्या काही हौसेने नाहीत. वाट लांबायची तीही आता शंभर पावलांची झाली. त्या शंभर पावलांना पोरं तास-दीड तास लावतात, मुहूर्त टळतो, आणि आत मुलीचे वडील घड्याळाकडे बघत येरझारा घालतात.

आणि एक चांगली गोष्टही सांगायला हवी, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. माझ्या लहानपणी बायका वरातीत नाचत नसत. आम्ही दाराशी उभ्या राहायचो, नाहीतर मागून चालायचो. आज मुली, सुना, मावश्या पेट्यांसमोर मनसोक्त नाचतात. माझी साठीतली आत्या गेल्या वर्षी नातवाच्या वरातीत ‘सैराट’मधल्या गाण्यावर अशी नाचली की बघत राहावं! जन्मभर चुलीपुढे उभं राहिलेल्या बाईला तो अर्धा तास मिळाला. तो या नव्या आवाजानेच दिला.

मग क्लॅरिनेट गेली ती गेलीच का? मला तसं वाटत नाही. पुण्याचं उदाहरण घ्या. तिथल्या मानाच्या गणपतींच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड, दरबार बँड वाजतात आणि लोक ऐकायला रस्त्याकडेला उभे राहतात. बाकीच्या मिरवणुकांत भिंतीएवढ्या पेट्या लागल्या तरी हा बँड टिकला, कारण मंडळांनी त्याची जागा राखून ठेवली. कुणीतरी दरवर्षी त्याला बोलावलं, पैसे दिले, म्हणून तो राहिला. जे वाद्य आपल्याला ऐकायचं असेल त्याला कार्यात जागा करून द्यावी लागते.

ही जागा आपण बायकाच ठरवू शकतो. लग्नाची यादी कोण करतं? आपणच ना! वरातीला पोरांना हवं ते वाजू द्या. पण सुपारी देतानाच सांगून ठेवा की मुलीला निरोप देताना पेट्या बंद, फक्त क्लॅरिनेट आणि ट्रंपेट. तेवढ्या अर्ध्या तासासाठी तीन-चार जुने वाजवणारे बोलवायचे, त्यांचे पैसे वेगळे ठरवायचे, आणि ते वेगळे त्यांच्याच हातात द्यायचे. मेहंदीवर आणि फुलांच्या कमानीवर आपण जो खर्च करतो त्याच्या मानाने तो फार नाही. आणि हो, पानांचा अंदाज बांधताना बँडवाल्यांची पानं पहिल्या पंगतीत धरा, मांडवाच्या आत.

आमच्या धाकट्या चुलतबहिणीचं लग्न येत्या उन्हाळ्यात हदगावलाच आहे. काकूला मी ही यादी लिहून पाठवली. मास्तरांना निरोप गेला आहे. त्यांनी क्लॅरिनेटची पेटी माळ्यावरून काढली आहे, आणि नवी पत्ती नांदेडला मिळेल का याची चौकशी चालली आहे. ते आता सत्तरीला आले, दम पूर्वीसारखा पुरत नाही. पण एका गाण्यापुरता पुरेल, म्हणतात.

तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल. घरात कार्य निघालं तर बँडची सुपारी देताना एवढं विचारून बघा: ‘मास्तर, क्लारनेट आहे ना अजून?’