बँड हीच सॅक्सोफोनची शाळा

कोल्हापुरात सॅक्सोफोन शिकायचा म्हटलं, तर आजही पहिला रस्ता लग्नाच्या बँडकडे जातो. मीही त्याच रस्त्यानं आलो. वराती वाजवल्या, जत्रा वाजवल्या, गणपतीत ऑर्केस्ट्राला साथ केली आणि आता कॉलेजच्या मुलांचा बँड बसवतो. इतकी वर्षं हे वाद्य गळ्यात अडकवून वावरल्यावर एक गोष्ट मला पक्की वाटते. सॅक्सोफोन घडतो तो बँडमध्ये, आणि त्याच्या शिक्षणाचा पाया बँडच असायला हवा.

या वाद्याचा इतिहासही तेच सांगतो. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं, ते प्रामुख्यानं लष्करी बँड डोळ्यांसमोर ठेवून. 1857 पासून तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी वादकांना शिकवत होता. 1870 मध्ये तो वर्ग बंद पडला आणि 1942 मध्ये मार्सेल म्यूलच्या हाताखाली पुन्हा सुरू झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं लॅरी टील यांना सॅक्सोफोनचे पूर्णवेळ प्राध्यापक नेमलं, तेव्हा 1953 साल उजाडलं होतं. विद्यालयांची दारं बंद होती त्या काळात हे वाद्य जगवलं ते बँडवाल्यांनीच.

आपल्याकडंही तसंच. कद्री गोपालनाथांनी लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि नागस्वरम् वाजवणाऱ्या घरातला तो मुलगा या वाद्याच्या मागं लागला. पुढं त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत उभं केलं आणि 1994 मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवलं. ‘है दुनिया उसी की’मधला सॅक्सोफोन ज्यांचा, ते मनोहारी सिंग बाटानगरच्या बाटा कंपनीच्या बँडमधून आलेले. एक राजवाड्याचा बँड, एक चपला-बुटांच्या कारखान्याचा. एकाला तिथून या वाद्याचं वेड लागलं, दुसरा आधी ओळीत बसला, मग एकटा उभा राहिला.

ओळीत बसून काय मिळतं? पहिलं म्हणजे पट्टी. ऑल्टो सॅक्सोफोनवर सी वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते. टेनरवर तोच सी काळी पाच होतो. त्यामुळं गाणारी बाई ‘काळी चार’ म्हणाली की ऑल्टोवाल्याचा सा एफवर येतो. काळी पाच म्हणाली की जीवर. दोन्ही बोटांना सोप्या. पण कुणी पांढरी तीन धरली, की सा सी शार्पवर जातो आणि सगळी बोटं आडवी येतात. वरातीत कागद नसतो, विचार करायला सवड नसते. ढोल सुरू झालेला असतो आणि पुढचं गाणं कुठल्या पट्टीत आहे हे क्लॅरोनेटवाल्याच्या पहिल्या सुरावरून ओळखायचं असतं. हा सराव एकट्यानं खोलीत बसून होत नाही.

नवीन मुलाला मी आधी पूर्ण वाद्य देत नाही. ऑल्टोचा माउथपीस आणि त्याला जोडलेली वाकडी नळी, एवढंच हातात. ओठ योग्य बसले आणि श्वास पोटातून आला, की त्या तुकड्यातून जवळपास काळी चारचा सूर निघतो. पेटीवर काळी चार दाबून धरतो आणि सांगतो, ‘‘या सुरात मिसळून जा.’’ ओठ जास्त आवळले तर सूर चढतो, ढिले सोडले तर खाली बसतो. पोरं चार दिवसांत कंटाळतात. ‘‘सर, गाणं कधी?’’ विचारतात. पण ज्यांनी हा सूर धरून ठेवला, त्यांचा आवाज पुढं कधी किरकिरत नाही.

मग त्यांना क्लॅरोनेटच्या शेजारी बसवतो. सॅक्सोफोनवर मधला डी सहसा चढा लागतो, मोकळा सी शार्प उतरतो. मोबाइलवरचा ट्यूनर बघून मुलं ते सुधारतात, आणि तंबोरा लावला की पुन्हा अडखळतात. कारण तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. भूप वाजवायचा तर तो गंधार ओठांनी शोधावा लागतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात, जिथं देवल क्लबनं पिढ्यान्‌पिढ्या कान तयार केले, तिथं सॅक्सोफोनवाल्याला गंधाराची सूट मिळू नये, असं मला मनापासून वाटतं. जयपूर-अत्रौलीच्या गायकीतला दमसासही मी मुलांना ऐकवतो. एका श्वासात किती लांबचं बोलता येतं, ते त्यांना तिथं समजतं.

शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची तयारी सुरू झाली की प्रत्येकाला एकट्याचा तुकडा हवा असतो. तो देतोही. पण आधी त्यानं दुसऱ्याच्या तुकड्यामागं लांब सूर धरायचा, आवाज त्याच्याखाली ठेवायचा आणि श्वास अशा जागी घ्यायचा की ओळ तुटणार नाही. ज्याला हे साधतं, त्याचा स्वतःचा तुकडा न शिकवता सुधारतो. कुठं थांबायचं हे त्याला कळलेलं असतं.

स्वरलिपी मुलांना यायलाच हवी. तिच्याविना पुढची दारं उघडत नाहीत, आणि आमच्या बँडमधली कितीतरी गुणी माणसं तिच्याअभावी मागं राहिली. पण कागद वाचणारा मुलगा पट्टी ओळखण्यात कच्चा राहिला, तर शिक्षण अर्धंच झालं. पट्टी ओळखणारे उस्ताद याच गावात आहेत. लग्नसराईत रस्त्यावर असतात, पावसाळ्यात मोकळे असतात. कॉलेजांनी या मास्तरांना मानधन देऊन वर्गात बोलवावं, मुलांच्या शेजारी बसवावं. मुलांनी त्यांच्याकडून कान घ्यावा, त्यांनी मुलांकडून स्वरलिपी घ्यावी. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठी पुरेसे आहेत.