बाबांची होडी

२० जुलै. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. हातात अकरा दिवस आणि तीस हजार रुपये. हर्णैच्या किनाऱ्यावर झापांखाली बाबांची होडी उपडी पडली आहे. आज टोचा घेऊन फळी न् फळी तपासली. तीनच कुजलेल्या निघाल्या. तेवढ्याच सागवानाच्या नव्या घालायच्या. फटींत कापसाची वात ठोकून वर राळ-तेल भरायचं.

सुतारकाका म्हणाले, "रंग पुढच्या वर्षी दे, पण सांधा आज चुकवू नकोस. पाणी फट शोधतंच."

पैसे कमी असले की खरं काय टिकवायचं, ते कळतं. पाण्यात लाकूड फुगतं, सांधे घट्ट होतात. बाबा गेल्यापासून कोरडी पडलेली ही होडी पुन्हा पाणी पिईल, त्या दिवसाची मी वाट पाहतोय.