मीटरच्या काट्यातला उजेड

गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

सासवडचे गुरुजी गाडी ठेवून गेले. १९९९ची मारुती ८००, पहिल्यापासून त्यांच्याच हातात. निवृत्तीनंतर अंजिराची बाग बघतात आणि मालाचे खोके मागच्या सीटवर रचून पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. तक्रार एकच : अंधारात स्पीडोमीटरचा काटा दिसत नाही. आकडे दिसतात, काटा दिसत नाही. दिवे घाटाच्या उतारावर गाडी किती वेगात आहे हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवतो म्हणाले, आणि आता कानांचाही भरवसा राहिला नाही.

मुलाने मागवलेलं एक पाकीटही देऊन गेले. आत उजेडाचे काटे : पारदर्शक पट्टी, पोटात बारीक एलईडी, मागून निघालेल्या केसासारख्या दोन तारा. "हे बसतात का बघ रे बाबा. बसत नसतील तर तुला योग्य वाटेल ते कर."

संध्याकाळी गाडी शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावून पार्किंग लाइट चालू केले. डायलच्या मागचे बल्ब ठीक आहेत, त्यांचा उजेड आकड्यांतून बाहेर येतो. काटा डायलच्या पुढे, त्याच्या वाट्याला इकडून तिकडून सांडलेला उजेड. नवा असताना त्याचा भगवा रंग तेवढ्यावरही उठून दिसत असणार. पंचवीस उन्हाळे काचेतून ऊन खाऊन तो विटून गेलाय.

वयाचाही भाग आहेच. साठीनंतर बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आणि विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच आत जातो. गुरुजी सदुसष्टचे. म्हणजे मला दिसला म्हणून त्यांना दिसेल असं धरून चालणार नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मीटर काढला. उघडण्याआधी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढला, गुरुजींना पाठवला आणि आकडा बिलबुकात लिहिला. काट्याच्या कामात त्या चाकांना हात लागत नाही, तरी गाडीचा मालक कोणीही असो, हे मी सोडत नाही. मीटर उघडून आकडे मागे फिरवणारे लोक या धंद्यात आहेत आणि त्यांच्यामुळे सगळ्यांकडेच संशयाने बघितलं जातं.

पुतण्याला आज काटा काढायला शिकवलं. थेट ओढायचा नाही. शून्याजवळ जी छोटी पिन असते तिच्यावर काटा टेकलेला असतो, म्हणजे त्याची खरी विश्रांतीची जागा ती नव्हे. काटा हलकेच उचलून पिनेच्या पलीकडे सोडायचा. मग तो स्वतःहून थोडा खाली जाऊन थांबतो. ती जागा डायलवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खुणावायची. नवा काटा बसवायचा तो त्या खुणेवर, नंतर उचलून पिनेवर आणायचा. ही खूण केली नाही तर नव्या काट्याचं शून्य कुठे धरायचं हे कुणालाच सांगता येत नाही. मग चहाचे दोन चमचे, खाली कागद, आणि बुडाच्या दोन्ही बाजूंनी सारखा जोर. एका बाजूने उचकटला तर आस वाकते, आणि आस वाकली की मीटर गेला.

त्याला आतलंही दाखवलं. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. काट्याच्या आसेवरची हेअरस्प्रिंग तिला मागे खेचते. दोन्ही जोर जिथे सारखे होतात तिथे काटा थांबतो. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट, म्हणून डायलवरचे आकडे सारख्या अंतरावर छापता येतात. ओटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर चालल्या आणि मला आजही वाटी हळूच फिरताना बघायला आवडतं.

दुपारी पाकिटातला काटा लावून टेबलावर चाचणी घेतली. जपानी पद्धतीच्या मीटरला केबलचे मिनिटाला ६३७ फेरे झाले की काटा ६०वर यायला हवा. ड्रिल मशीनला चौकोनी दांडी लावली, टॅकोमीटरने फेरे ६३७ला आणले. जुन्या काट्याने ६३ दाखवले होते. नवा ४८वर अडकला. ड्रिल बंद केल्यावर तो शून्यालाही पुरता आला नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, पुढे सरकवून बसवू की. साठला साठ येईल." साठला येईल, पण तीसला आणि ऐंशीला येणार नाही. त्या दोन तारा काट्याबरोबर वळतात, जसजसा काटा वर जातो तसतशी त्यांची ओढ बदलते. शिवाय काटा जड आहे, टोकाला एलईडी असल्यामुळे तोल पुढे गेलाय, मीटर आडवा धरला तर एक आकडा आणि उभा धरला तर दुसरा. हेअरस्प्रिंगचा जोर तो किती! तिच्यावर आणखी दोन तारांचं ओझं टाकणं म्हणजे काट्याला खोटं बोलायला लावणं. स्टेपर मोटरच्या नव्या मीटरमध्ये मोटरला बळ असतं, तिथे असे काटे नीट चालताना मी पाहिलेत. इथे नाही.

आणि चूक कुठल्या बाजूला आहे तेही बघायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीत स्पष्ट आहे : मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर, एवढ्यापर्यंत. म्हणजे ६०ला ७०पर्यंत सूट आहे, ५९ला नाही. ४८ दाखवणारा काटा उतारावर सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हाती द्यायचा नाही, तो कितीही सुंदर उजळो.

पाकीट बंद करून गुरुजींच्या नावाने ठेवलं.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी जुना बाजार. भंगारात आलेल्या मीटरांचा ढीग उपसला. मला हवा होता तो काटा मिळाला : पारदर्शक ॲक्रिलिकचा, तारा नसलेला, बुडाशी तिरपा कापलेला. यात काट्याच्या अंगात दिवा नसतोच. दिवा डायलच्या खाली, स्थिर. उजेड बुडातून वर चढतो, ४५ अंशाच्या तिरप्या कापावर आपटतो आणि वळून काट्याच्या लांबीत शिरतो. ॲक्रिलिकमध्ये साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका पडलेला उजेड बाहेर न पडता पूर्ण परत फिरतो, म्हणून हे जमतं. काट्याच्या पाठीला रंगाचा पट्टा असतो, तिथे उजेड विखुरतो आणि आपल्याला सगळा काटा पेटलेला दिसतो.

काटा जुन्यापेक्षा किंचित जड निघाला. मागच्या शेपटीत वजन घालून तोल साधता येईल.

मंगळवार, १० डिसेंबर

रंगावरून पुतण्याशी वाद. त्याला निळा हवा. माझं म्हणणं, निळा उजेड वयस्क भिंगात जास्त विखुरतो, भोवती धुकं दिसतं. मग लाल घ्या म्हणाला, विमानात लाल असतो. असायचा, बरोबर आहे. रात्री दिसायला मदत करणाऱ्या पेशींना गडद लाल फारसा जाणवत नाही, त्यामुळे अंधाराला सरावलेली नजर टिकते. पण जवळचं लाल अक्षर स्पष्ट बघायला डोळ्याला जास्त ताण घ्यावा लागतो, आणि चाळिशीनंतर नेमकी तीच ताकद कमी झालेली असते. अंबर ठरला, ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा. दिवसा उठून दिसायला पाठीचा पट्टा भगवा रंगवला.

तपकीर गल्लीतून एलईडी आणले. नाण्याएवढ्या गोल पट्टीवर मधे आसेसाठी भोक आणि भोवती तीन एलईडी, एकापुढे एक जोडलेले. तिघांचे मिळून सहा व्होल्ट. गाडी चालू असताना बॅटरीवर १२ नव्हे, १४.४पर्यंत व्होल्ट असतात, हिशेब त्यावर करायचा. उलट्या प्रवाहापासून वाचवायला एक डायोड, तो ०.७ खातो. उरले ७.७. त्यापुढे १.८ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे चार-सव्वाचार मिलिअँपिअर. एलईडीच्या पाकिटावर २० लिहिलेलं असतं, पण २०वर काटा डोळ्यात घुसतो आणि समोरचा रस्ता काळा होतो. रेझिस्टरच्या पुढे १० किलोओहमचा प्रीसेटही घातला. उजेड किती हवा ते गुरुजी ठरवतील.

डाग देताना आसेच्या भोकाला कथील लागू दिलं नाही. पट्टी आणि आस यांच्यात सगळीकडून सारखी फट दिसेपर्यंत बसवत राहिलो. कनेक्शन पार्किंग लाइटच्या तारेवर.

बुधवार, ११ डिसेंबर

नवा काटा आसेवर बसवायला नायलॉनचं बूच लेथवर करून आणलं, घट्ट बसलं. शेपटीत कथिलाचा थेंब, मग किसून कमी. मीटर चारी बाजूंनी फिरवला, काटा खुणेवरून हलला नाही. ड्रिलवर : ६३७ फेऱ्यांना ६३. अर्ध्या फेऱ्यांना ३२. ड्रिल थांबवला की सरळ पिनेवर. जुन्या काट्याचं वागणं नव्याने जसंच्या तसं उचललं, मला एवढंच हवं होतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

काल मीटर गाडीत बसवला. आज अंधार पडल्यावर गुरुजींबरोबर हडपसरहून निघालो. गाडी त्यांनीच चालवली, मी शेजारी फोनवर जीपीएस लावून. घाटात आकडे घेतले नाहीत, वळणांवर आणि चढ-उतारावर जीपीएस मागे पडतो. घाट चढून वर आल्यावर सपाट सरळ रस्त्यावर घेतले. जीपीएसवर ४० असताना मीटरवर ४२, ५० असताना ५३, ६० असताना ६३.

उजेडाचं मात्र माझं चुकलं असं नाही, त्यांचं वेगळं निघालं. माझ्या नजरेने मंद केलेला काटा त्यांना पुसट वाटला. रस्त्याकडेला गाडी घेऊन प्रीसेट त्यांच्याच हाती दिला. आधी भरपूर वाढवला, दोन किलोमीटर चालवलं, मग स्वतःच म्हणाले, "आता काचेत दिसतोय, कमी करू." कमी करत करत जिथे थांबले तिथे लाखेचा ठिपका लावला.

परतताना घाट उतरताना ते खाली वाकले नाहीत. नजर रस्त्यावर, मधेच क्षणभर मीटरवर, पुन्हा रस्त्यावर. "पस्तीस," म्हणाले, आणि मग प्रत्येक वळणाच्या आधी आकडा मोठ्याने सांगत गेले.

पेट्रोलचा काटाही असा करू का विचारलं. नको म्हणाले, पेट्रोल बघून मगच घरातून निघतो. पाकीट परत दिलं, ते पुतण्यासाठी ठेव म्हणाले. त्याच्याकडे स्टेपर मोटरचा एक भंगार मीटर आहे, त्यावर त्याला ते काटे लावून बघायचेत.

वहीत नोंद : जानेवारीत बूच सैल झालंय का बघणे. केबलला ग्रीस तेव्हाच.