मागचा बंपर आणि राहिलेले देणे



या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. गाडीचा मागचा बंपर घरी बदलण्याबद्दल धर्मशिक्षकाने काय म्हणून लिहावे, असे कुणी विचारील. पण ज्या गाडीतून आम्ही दर रविवारी दोन वृद्ध माउल्यांना मिस्सेला नेतो, तिचा बंपर तीन आठवडे सुंभाने बांधलेला होता. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात क्षमेवर जेवढे बोलणे झाले, तेवढे धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभरात होत नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही डिचोलीहून पेडण्याला परतत होतो. अस्सनोड्याच्या अलीकडे जोराचा पाऊस, आणि रस्त्याच्या मधोमध गुरे बसलेली. आम्ही थांबलो. मागून येणाऱ्या स्कूटरला थांबता आले नाही. पोरगा विशीतला, डिचोलीकडचा, मोपाच्या विमानतळावर पाळीला निघालेला. त्याचा गुडघा खरचटला, स्कूटरचा पुढचा मडगार्ड फुटला. आमच्या बंपरची डावी बाजू उखडली आणि चाकाला घासू लागली. त्याने काही सबब सांगितली नाही. “काका, चूक माझी. पगार झाला की भरून देतो,” म्हणाला आणि न मागता आपला फोन नंबर दिला.

नंतर बोलण्यात कळले की त्याच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये चालू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोलीत त्या वर्षांत किती दारांत ट्रक उभे राहून गंजले, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. जानेवारी २०२३ मध्ये मोपाला विमाने उतरू लागली आणि अशा घरांतली मुले तिकडे कामाला लागली. पगार बेताचा, त्यात चवथ तोंडावर आलेली. चवथीला कोकण-गोव्यातल्या हिंदू घरात काय खर्च होतो, हे शेजारी म्हणून आपण सगळेच जाणतो.

विम्याचे आम्ही विचारून पाहिले. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, वर लहान गाडीला एक हजार रुपये आपले आपण घालायचे. शिवाय एकदा दावा केला की नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षे दावा न करणाऱ्याला तो ५० टक्क्यांपर्यंत मिळतो. एका बंपरसाठी हा व्यवहार परवडत नाही. पोराच्या स्कूटरच्या विम्यावर मागायचे तर पोलिसांत नोंद आणि अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी. ते आमच्यापैकी कुणालाच नको होते.

म्हापशाच्या भंगारवाल्याकडे त्याच गाडीचा, पांढऱ्याच रंगाचा जुना बंपर १८०० रुपयांना मिळाला. नवा घेतला असता तर रंगकाम वेगळे. प्लास्टिकवर आधी खास प्रायमर मारावा लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत अंगणात रंगवणे म्हणजे पैसे पाण्यात. बसवणे घरीच करायचे ठरले.

याच सुमारास एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, “बंपर कशाला, मागे लोखंडी पाइपचा गार्ड लावा. पुन्हा कुणी ठोकले तर त्याचेच मोडेल.” सल्ला आपुलकीचा होता, पण आम्हाला पटला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले होते की असे क्रॅश गार्ड लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बंपर प्लास्टिकचा असतो तो काही केवळ स्वस्ताई म्हणून नाही. तो वाकतो, तडकतो, क्लिपा तोडून सुटतो, आणि हळू धक्क्याचा जोर स्वतःवर घेतो. पाइप वाकत नाही. जोर मग थेट गाडीच्या सांगाड्यात जातो, नाहीतर धडकणाऱ्याच्या हाडांत. त्या दिवशी मागे पाइप असता तर पोराचा गुडघा नुसता खरचटून राहिला नसता. “त्याचेच मोडेल” यातला ‘तो’ कोण, हे आम्ही पाहिलेले होते.

आता पैशाचे. घरात दोन मते पडली. एक मत, सगळे सोडून द्यावे, गरीब पोर आहे. दुसरे मत, १८०० रुपये आपल्यालाही जड आहेत आणि चूक त्याने मान्य केली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘ऋण’ हा शब्द आहे, लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी ‘पाप’ आहे. वर्गात आम्ही पापाचीच क्षमा जास्त शिकवतो, कारण ती बोलायला सोपी. ऋण म्हटले की आकडा आला. मत्तयच्या अठराव्या अध्यायातला तो निर्दय चाकर आठवला की वाटे, सोडावे. पण मग जक्कय आठवे. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देतो म्हणून तो उभा राहिला, तेव्हा प्रभूने त्याला राहू दे म्हटले नाही. त्याला देऊ दिले. आमचा पोरगा काही लबाड जकातदार नव्हे, पण देणे फेडून ताठ मानेने उभे राहण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि आपण उदारपणाच्या भरात तो काढून घेऊ शकतो. शेवटी आम्ही त्यालाच फोन केला. तो म्हणाला, “अर्धे मी देतो, चवथीनंतर. आणि बसवायला येतो.” आम्ही बरे म्हटले.

रविवारी मिस्सेनंतर तो आला, सोबत १० नंबरचा पाना घेऊन. काम दीड तासाचे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, सायलेन्सर थंड झालेला. जॅकवर उचलून खाली शिरायची गरज नाही आणि शिरूही नये. डिकी उघडून आधी दोन्ही टेललाइट काढल्या, कारण वरचे बोल्ट त्यांच्यामागे लपलेले. मग चाकांच्या कमानीतले स्क्रू, मग खालच्या प्लास्टिकच्या क्लिपा. आपल्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजून बसतात. त्यांच्यावर गंजाचे तेल सोडून थोडे थांबावे, जोर लावून डोके मोडू नये. क्लिपांपैकी निम्म्या तुटतातच, म्हणून नव्या आधीच आणून ठेवाव्यात. सगळे सुटल्यावर बाजूची कड बाहेर ओढायची, दोघांनी दोन टोकांना धरून. एकट्याने ओढले तर दुसरे टोक जमिनीवर आपटते नाहीतर रंगाला ओरखडा काढते. ज्या गाड्यांना मागे सेन्सर आहेत, त्यांची वायर आधी सोडवावी.

बंपर निघाल्यावर मागचा पत्रा नीट पाहिला. तो आत गेलेला असता तर आम्ही तिथेच थांबून गाडी गॅरेजला दिली असती. पत्रा सरळ होता, फक्त डाव्या बाजूची आधारपट्टी वाकली होती. ती पोराने दगडावर ठेवून हातोडीने सरळ केली. दुसरा बंपर लावताना सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करायच्या, मगच आवळायचे. आमच्याकडून उजवी फट किंचित मोठी राहिली आहे, आणि रंगाचा पांढराही जुळत नाही. गाडीचा पांढरा दुधासारखा, बंपरचा सायीसारखा.

जेवायला थांब म्हटले तर त्याचा श्रावण होता. घरात माशाचे कालवण होते, म्हणून त्याला वेगळी डाळ केली आणि पडवीत सगळे एकत्रच जेवलो.

चवथीनंतर तो तीनदा आला, दर वेळी तीनशे रुपये घेऊन. शेवटच्या खेपेला पैसे दिल्यावर गाडीच्या मागे गेला, वाकून बंपरची डावी कड अंगठ्याने दाबून पाहिली, आणि एक क्लिप थोडी वर आलेली दिसली ती आत बसवून पाळीला निघून गेला.