प्रतिष्ठान ते पैठण : गोदाकाठच्या एका गावाची पत

पैठण येथील श्री मुनिसुव्रतनाथ भगवंतांच्या दर्शनास आपल्यापैकी अनेक कुटुंबे नेमाने जातात. अमावास्या शनिवारी आली तर गर्दी अधिकच असते. दर्शन, अभिषेक, भोजनशाळेतील प्रसाद आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याची घाई, असा बहुतेकांचा क्रम असतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. खरे तर बँकेच्या नोकरीत तीन वर्षे मी त्याच गावी होतो; परंतु शनिवारी हिशेब जुळला की मी बस गाठत असे. आमच्या शाखेचे एक वृद्ध खातेदार होते, कापडाचे व्यापारी. ते हसून म्हणत, "साहेब, तुम्ही आमची खाती रोज पाहता, एकदा आमचे गावही पाहा." ते पाहणे निवृत्तीनंतर घडले. गतवर्षी चार दिवस मुद्दाम मुक्काम केला.

पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर, छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर वसले आहे. काळ्या कातळाचा आणि काळ्या मातीचा हा प्रदेश. या कातळाच्या पोकळ्यांत अकीकासारखे रंगीत दगड तयार होतात, आणि या गावाच्या जुन्या वैभवाचा एक धागा त्या दगडांपर्यंत पोहोचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. भरूच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर असून तेथून असे दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून बंदराकडे येतात, असे तो सांगतो. पैठणहून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तेथून तलम आणि जाडेभरडे कापड येई.

वीस दिवसांची वाट, रस्ते धड नाहीत, मध्ये घाट आणि अरण्ये! ज्याने माल भरला त्याला तो विकला गेल्याचे कळावयास महिने लागत असतील. अशा व्यापारात भांडवलाइतकीच पत लागते. कर्जाच्या अर्जांवर सही करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या गाड्यांच्या मागे उभा असलेला हा शब्दाचा व्यवहार प्रथम दिसतो. बौद्ध वाङ्मयातही प्रतिष्ठानहून महिष्मती, उज्जयिनी या मार्गाने उत्तरेस श्रावस्तीपर्यंत जाणारी वाट वर्णिली आहे. नदीने गावाला पाणी दिले. मोठे केले ते या वाटांनी.

प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने तिची नोंद पुळुमावी राजाचे नगर अशी केली आहे. इ. स. ७८ पासून मोजला जाणारा शक दक्षिणेत शालिवाहनाच्या नावाने चालतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि त्याच प्राकृतात आपल्या आचार्यांनीही विपुल लेखन केले आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' रचला, त्यात प्रतिष्ठानपुरासाठी स्वतंत्र प्रकरण दिले.

आपल्या घराघरांशी या गावाचा आणखी एक संबंध आहे, तो मुलांना अवश्य सांगावा. परंपरा अशी, की कालकाचार्य प्रतिष्ठानला असता पर्युषणाचा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीचा होता. त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असे. दोन्हीकडे उपस्थित राहता यावे म्हणून सातवाहन राजाने पर्व षष्ठीस करण्याची विनंती केली. पंचमी उल्लंघिता येत नाही, असे आचार्यांनी सांगितले. मात्र पर्व एक दिवस अलीकडे, चतुर्थीस आणले. आजही श्वेतांबर मूर्तिपूजकांत चतुर्थीची संवत्सरी प्रामुख्याने पाळली जाते, तर स्थानकवासी पंचमीस पाळतात आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून सुरू होते. तिथीचा वाद आपल्याकडे अधूनमधून उफाळतो. त्या वेळी मर्यादा न सोडता शेजाऱ्याच्या उत्सवाचा मान राखल्याची ही कथा आठवावी.

पुढे राज्ये बदलली, व्यापाराच्या वाटा अन्यत्र वळल्या. गाव मात्र उजाड झाले नाही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी येथेच ग्रंथरचना केली. फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीला, आजही दिंड्या येतात. पैठणी जगभर पोहोचली, जरी तिचे मोठे विणकाम आता येवल्यात होते. रेशमाविषयी आपल्या घरांत मतभेद असतात, हे मी जाणतो. पण मागावर बसलेल्या कारागिराची एकाग्रता पाहण्यास हरकत नसावी.

गावालगत वरच्या अंगास जायकवाडीचे धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या बांधामागे नाथसागर पसरला आहे. त्याची साठवण सुमारे १०२ टीएमसी. मराठवाड्याची शेती आणि संभाजीनगरची तहान त्यावर अवलंबून आहे. त्यासाठी शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. पैठणच्या घाटांपुढील प्रवाह मात्र आता दरवाज्यांच्या हुकमावर चालतो. उन्हाळ्यात पात्र ओसरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या विसर्गाने तेच पाणी वस्तीत शिरले होते.

२०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. दहा वर्षांपूर्वी ती साडेचौतीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे गाव वाढत आहे. तरीही जुन्या पेठेत फिरताना ओळखीची दारे बंद दिसली. मुले पुण्याला, मुंबईला गेली. दुकाने भाड्याने दिली किंवा विकली. यात कोणाचा दोष नाही. व्यापारी वाटेमागे जातो, हे प्रतिष्ठानच्या पूर्वजांनीच दाखविले आहे. मात्र जेथे आपल्या आजोबांच्या शब्दावर माल मिळत असे, त्या गावाशी नाते केवळ दर्शनाच्या दोन तासांचे उरावे काय?

माझी विनंती एवढीच, की पुढील यात्रेत एक रात्र तेथे राहावे. सकाळी नागघाटावर जावे, पुराणवस्तु संग्रहालयातील सातवाहनकालीन वस्तू मुलांना दाखवाव्यात, आणि काही खरेदी जुन्या पेठेत करावी.

मी त्या वृद्ध खातेदारांच्या दुकानापाशीही गेलो होतो. तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे; ते स्वतः काही वर्षांपूर्वी निवर्तल्याचे शेजाऱ्यांकडून कळले. आपले गाव पाहिले, हे त्यांना सांगावयाचे राहून गेले.