आकाशाची चौकट

वरोऱ्यासारख्या गांवीं राहून आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा छंद ज्यांस जडला आहे, ते आम्हांस एक प्रश्न नेहमीं विचारतात : चौकट बसविण्यासाठीं व चित्र टिपण्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें ? आम्ही उलट विचारतों, वर्षांतून रात्री किती मिळतात ? पावसाळ्याचे चार महिने गेले आणि चांदण्या व ढगाळ रात्री वजा झाल्या, म्हणजे शिल्लक फारच थोडी उरते. म्हणून जें अंधारांतला विचार दिवसाउजेडीं संपवूं देतें, तेंच आमच्या मतें उत्तम.

ही शिस्त आपल्याकडे नवी नाहीं. दि. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधासाठीं पुण्याचे कावसजी नायगांववाला जेऊर येथें, तर न्यूअल व हिल्स हे इंग्रज वेधकर्ते आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत पुलगांवीं गेले होते. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटांची. सर्व मांडणी आधींच सिद्ध असणें भाग होतें.

आज तें काम घरच्या मेजावर होतें. स्टेलेरियम विनामूल्य आहे. त्यांत दुर्बिणीचें नाभीय अंतर व कॅमेऱ्याच्या संवेदकाचें माप भरलें, कीं आकाशावर आपली चौकट उमटते. ४०० मिलिमीटर अंतर व २३.५ × १५.६ मिलिमीटरचा संवेदक असल्यास ती सुमारें ३.४ अंश रुंद व २.२ अंश उंच भरते. देवयानी दीर्घिका सुमारें तीन अंश लांब. ती चौकटींत आडवी मावते, उभी धरल्यास टोकें कापलीं जातात.

टिपण्यासाठीं विंडोजवर निना व लिनक्सवर केस्टार्समधील एकॉस, हींही विनामूल्यच. संगणकावर चालणारा माउंट असेल, तर टिपलेल्या चित्रांतील तारे सूचीशीं ताडून तीं दुर्बिणीस ठरल्या जागीं आणतात. मात्र सूची व आकाशचित्रें घरींच उतरवून घ्यावीं; जंगलाच्या कडेला इंटरनेटचा भरंवसा नसतो.

आणखी एक. परक्या याद्यांवर विसंबूं नये. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनला कधींच उगवत नाहीं. वरोऱ्यास तो एप्रिलच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेस सुमारें २२ अंश चढतो. आपले अक्षांश भरल्यावांचून हें धन दिसावयाचें नाहीं.

घरांतल्या मुलाची पहिली रात्र संगणकाशीं झगडण्यांत गेली, तर दुसऱ्या रात्रीं तो अंगणांत येईलच असें नाहीं. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं हींच साधनें एक हंगामभर वापरून पाहावीं, असें आम्ही सुचवितों.