मोन्सेरात, कावा आणि आईचा प्रश्न

मराठी विभागाचे संपादक गेले तीन आठवडे मेसमध्ये माझ्या ताटासमोर येऊन बसतात. "परदेशात जाऊन आलीस ना, मग प्रवासवर्णन दे." मी पडले कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी थर्ड लँग्वेज. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सरांनी सांभाळून घ्यावं. आणि हे काही प्रवासवर्णन नाही, एका दिवसाची हकीकत आहे.

चौथं सेमिस्टर संपलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मी बार्सिलोनाला गेलो. दादाने तिथे मास्टर्स केलं, त्याचा पदवीदान समारंभ होता. बाबा आले नाहीत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, आणि बाग सोडून बाबा नाशिकलासुद्धा मुक्काम करत नाहीत. समारंभानंतर दादाला ऑफिस होतं, म्हणून त्याने आम्हा दोघींना एका गाइडेड टूरवर बसवून दिलं. सकाळी डोंगरावरचा मठ, दुपारी वायनरी, संध्याकाळी परत. आईला इंग्रजी वाचता येतं, पण कोणी भरभर बोललं की कळत नाही. म्हणजे दिवसभर दुभाषी मी!

मोन्सेरात म्हणजे करवतीचा डोंगर. लांबून बघितलं तर खरंच दात दिसतात. खडक आपल्यासारखा काळा कातळ नाही, गोटे एकमेकांना चिकटून झालेला. माझी सिव्हिलची रूममेट म्हणाली असती, व्हायब्रेटर न फिरवता काँक्रीट ओतलंय. वर जायला दातेरी रेल्वे आहे. दोन रुळांच्या मधे दात असलेली पट्टी आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत चढतं. ही लाइन १८९२ मध्ये सुरू झाली, १९५७ मध्ये बंद पडली आणि २००३ मध्ये नव्याने सुरू झाली. रॅक अँड पिनियनवर सबमिशनला पानभर लिहिलं होतं, कळलं त्या दिवशी. आई खिडकीतून बघत म्हणाली, "वणीच्या गडासारखंच की गं." गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, पण आई अजून पायऱ्याच चढते.

मठ बेनेडिक्टाइन साधूंचा, १०२५ सालचा. नेपोलियनच्या सैन्याने १८११-१२ च्या सुमारास तो उद्ध्वस्त केला, पुढे परत बांधला. आत बाराव्या शतकातली मेरीची लाकडी मूर्ती आहे, मांडीवर बाळ येशू. चेहरा काळा, म्हणून लोक तिला लाडाने 'मोरेनेता' म्हणतात, म्हणजे सावळी. मूर्तीपुढे काच आहे, फक्त तिच्या उजव्या हातातला गोळा बाहेर ठेवलाय, रांगेतल्या प्रत्येकाने त्याला हात लावायचा. आई म्हणाली, "अगं, ही तर विठोबाच्या रंगाची!" तिने गोळ्याला हात लावून डोळ्यांना लावला. इथवर ठीक होतं. मग तिने बाळावरून हात ओवाळले आणि कानशिलांवर कडकड बोटं मोडली. दृष्ट काढली! मागची रांग थांबली होती. मी तिला दंडाला धरून पुढे नेलं, थोडं जोरातच.

दुपारी एक वाजता तिथल्या मुलांचं गायन ऐकलं, 'साल्वे रेजिना'. शाळेत सिस्टर आमच्याकडून हे इंग्रजीत म्हणून घ्यायच्या. लॅटिन कळत नव्हतं, तरी माझे ओठ हलत होते. आईने ते बघितलं.

"तुला येतं हे?"

"शाळेत होतं."

"घरी कधी म्हणाली नाहीस," एवढंच म्हणाली.

जेवण झाल्यावर बस सांत सादुर्नी गावाकडे निघाली. 'कावा' ही तिथली फसफसणारी वाइन. कोदोर्निऊ कंपनीत ती १८७२ मध्ये पहिल्यांदा झाली. इमारत पुच इ कादाफाल्क नावाच्या आर्किटेक्टची, विटांच्या कमानी अशा की ड्रॉइंगच्या सरांना दाखवाव्यात. पण आई इमारतीत शिरेचना! ती वेलींपाशी थांबली, पानं उलटून डावणी-भुरी बघितली, मला म्हणाली, "विचार, छाटणी किती वेळा?" विचारलं. गाइड म्हणाली, एकदाच, हिवाळ्यात, वेल थंडीत झोपलेले असतात तेव्हा. आईने बोटांवर दाखवलं, आमच्याकडे दोनदा, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. सगळे हसले, पण छान हसले.

खाली तळघरात लांबच लांब बोगदे आहेत, आत छोट्या गाडीतून फिरवतात. कावा दुसऱ्यांदा आंबते ती बाटलीतच, त्यामुळे आत सहा अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास प्रेशर तयार होतं. कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. मग बाटली हळूहळू उलटी करून गाळ तोंडाशी आणायचा, तोंड गोठवायचं आणि बूच उघडलं की गाळ स्वतःच्याच प्रेशरने उडतो. मी मेकॅनिकलची, अगदी रंगून गेले होते.

गाइडने विचारलं, काही प्रश्न?

आई म्हणाली, "विचार तिला, सगळी द्राक्षं यांची स्वतःची, का शेतकऱ्याकडून घेतात? किलोला काय देतात? रोख देतात का उधारी ठेवतात?"

ग्रुपमध्ये एक रिटायर्ड अमेरिकन जोडपं होतं, दोन कोरियन मुली होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मला पैशाचं विचारायची लाज वाटली. मी इंग्रजीत विचारलं, "प्रेशरने बाटल्या फुटतात का, असं आई विचारतेय." गाइड खूश झाली. "व्हेरी गुड क्वेश्चन, मॅडम!" आणि आईकडे बघून सविस्तर उत्तर दिलं. आई मान हलवत ऐकत होती. मीही त्याचं मराठी करून सांगितलं नाही.

२०१४ च्या मार्चमध्ये आमच्याकडे गारपीट झाली तेव्हा मी प्रायमरीत होते. तोडणीला आलेला माल एका दुपारी चिखलात गेला. आधी जो माल दिला होता त्याचे पैसे व्यापाऱ्याने बुडवले. जूनमध्ये मी मावशीकडे नाशिकला परत गेले, नवीन युनिफॉर्म आणि पूर्ण फी भरून. आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. मला वाटलं, कामाला अडचण होते म्हणून काढून ठेवल्या असतील.

टेस्टिंगमध्ये आईने ग्लास नुसता हुंगला आणि माझ्याकडे सरकवला. मी किती प्यायले ते लिहीत नाही, अंक वॉर्डन मॅडमही वाचतात.

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ बागाच बघत होती. मग म्हणाली, "भाव नाही विचारलास ना?"

मी गप्प.

"तुझ्या बोलण्यात 'किलो' नव्हतं. तेवढं इंग्रजी मला कळतं."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे, बाटल्यांचं तरी कळलं." आणि पर्समधून मठाबाहेर घेतलेला मध काढून झाकण घट्ट आहे का ते बघत बसली.

रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल आला. दादाने फोटो आधीच पाठवले होते. मठ नाही, मूर्ती नाही, बाबांनी पहिलं विचारलं, "तिथं बागवाल्याला किलोला काय सुटतं गं?"

मी आईकडे बघितलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"विचारायचं माझ्याच ध्यानात राहिलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"